जायबंदी शिपायाची पेन्शन, साल १६६३: अर्जापासून पैसे हातात पडेपर्यंत

जखम दाखवली की पैसे मिळतात असं वाटत असेल तर ते आधी डोक्यातून काढा. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये लाकडी पायाचे, एका हाताचे, डोळा गेलेले म्हातारे शिपाई भरपूर होते आणि त्यातल्या कितीतरी जणांना काउंटीकडून (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) एक पेनीसुद्धा मिळाली नाही, कारण कोणाकडे कागद नव्हता, कोणाचा कॅप्टन मेला होता, आणि कोणी चुकीच्या काउंटीत अर्ज घेऊन उभा होता.

इंग्लंडच्या यादवी युद्धाबद्दल (१६४२ पासून राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात झालेलं) नव्याने वाचायला लागलेल्या लोकांसाठी हे लिहितोय. त्या शिपायांचे अर्ज आजही तिकडच्या काउंटी रेकॉर्ड ऑफिसांमध्ये आहेत, पण ते वाचताना नवीन माणूस गोंधळतो की हा बाबा सरळ गावाकडे पैसे का मागत नाही, पाद्र्याची सही कशाला, वीस वर्षांनी का जागा झाला वगैरे. तर सोपा उपाय म्हणजे आपणच तो शिपाई व्हायचं आणि एकेक पायरी चढायची.

तर समजा, साल १६६३. तुम्ही डेव्हन काउंटीतल्या एका खेड्यातले शेतमजूर, वय पंचावन्नच्या पुढे. १६४३ च्या जुलैमध्ये लॅन्सडाउनच्या टेकडीवर राजाच्या बाजूने लढताना मांडीत मस्केटची, म्हणजे लांब बंदुकीची, गोळी घुसली, पाय राहिला पण वाकडा झाला. वीस वर्षं कसंतरी ओढलं, आता नांगर धरवत नाही.

पहिली पायरी: तुम्ही कोणाकडून लढलात?

राजाकडून असाल तर पुढे वाचा. पार्लमेंटकडून लढला असाल तर १६६३ मध्ये तुमच्यासाठी इथे फारसं काही नाही, आणि यात तुमची चूक एवढीच की तुमची बाजू आधी जिंकली आणि नंतर हरली. १६४२ च्या ऑक्टोबरमध्ये एजहिलची लढाई झाली आणि लगेच पार्लमेंटने जाहीर केलं की आमच्याकडून जायबंदी झालेल्यांची आणि मेलेल्यांच्या बायकापोरांची सोय आम्ही करू. ते नुसतं तोंडदेखलं नव्हतं, लंडनमध्ये सॅव्हॉय आणि ईली हाउस इथे सैनिकांची हॉस्पिटलं चालवली, जखमींना आठवड्याला ४ शिलिंगपर्यंत (१२ पेन्स म्हणजे १ शिलिंग, २० शिलिंग म्हणजे १ पौंड) पेन्शन ठरवली, १६४७ मध्ये काउंट्यांसाठी वेगळे हुकूम काढले. तेव्हा राजाच्या जखमी शिपायाला कुत्रं विचारत नव्हतं. १६४९ मध्ये पार्लमेंटवाल्यांनी राजाचं डोकं उडवलं, मग १६६० मध्ये त्याचा मुलगा दुसरा चार्ल्स गादीवर परत आला (हाच तो चार्ल्स ज्याला पोर्तुगीज राजकन्येशी लग्न करताना मुंबई आंदण मिळाली), हॉस्पिटलं बंद झाली आणि पार्लमेंटच्या माणसांची पेन्शन थांबली.

१६६२ मध्ये नवीन कायदा आला, दिवंगत राजाची आणि आत्ताच्या राजाची इमानदारीने सेवा केलेल्या गरीब, जायबंदी अधिकाऱ्यांसाठी आणि शिपायांसाठी. त्यातला इमानदारी हा शब्द शोभेचा नाही. मधल्या काळात पकडले गेलात आणि जीव वाचवायला पार्लमेंटच्या सैन्यात भरती झालात, असं बऱ्याच जणांचं झालं होतं, तर तेवढा भाग अर्जात येऊ द्यायचा नाही आणि गावातल्या कोणाला तो आठवणार नाही अशी प्रार्थना करायची.

दुसरी पायरी: खिडकी कुठली?

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. इंग्लंडमध्ये गरिबाला मदत मिळायच्या दोन वेगवेगळ्या खिडक्या होत्या. एक पॅरिशची, म्हणजे गावच्या चर्चच्या हद्दीची. १६०१ च्या गरीब कायद्याने प्रत्येक पॅरिशमध्ये ओव्हरसिअर नेमले, ते गावातल्या घरादारांवर पट्टी बसवायचे आणि म्हातारे, विधवा, अनाथ यांना आठवड्याला काही पेन्स द्यायचे. दुसरी खिडकी काउंटीची, फक्त जायबंदी शिपायांसाठी. ती १५९३ च्या कायद्याने उघडली, राणी एलिझाबेथच्या काळात, फ्रान्स आणि नेदरलँड्समधून तुटकेफुटके परत आलेले शिपाई लंडनच्या रस्त्यांवर भीक मागायला लागले तेव्हा. १६०१ मध्ये ती पक्की झाली. प्रत्येक पॅरिशने आठवड्याला कमीत कमी २ पेन्स आणि जास्तीत जास्त १० पेन्स या फंडात द्यायचे असा नियम होता.

तुम्हाला काउंटीची खिडकी हवी. एक तर रक्कम बरी असते, आणि दुसरं म्हणजे ती तुमच्या सेवेची भरपाई समजली जाते, पॅरिशचा पैसा हा दान समजला जातो आणि गावातल्या ज्याच्या त्याच्या खिशातून जातो म्हणून जो तो तुमच्याकडे तसा बघतो.

काउंटी कुठली हेही १६०१ च्या कायद्यात लिहिलंय. जिथून सक्तीने भरती केलं ती काउंटी. सक्तीची भरती नसेल, आपणहून गेला असाल, तर जिथे जन्म झाला किंवा जिथे शेवटची तीन वर्षं सलग राहिलात ती, यातली कुठली ते तुम्ही ठरवा. लढाई सॉमरसेट या दुसऱ्या काउंटीच्या सीमेवर झाली म्हणून तिकडे जाऊ नका, तिथे गोळी लागली याचं तिथल्या साहेबांना काही देणंघेणं नाही.

आणि काहीही झालं तरी मधल्या काळात रस्त्यावर भीक मागत फिरू नका. १५९७ पासूनचा कायदा असा की धडधाकट भटक्याला कमरेच्या वर उघडा करून रक्त येईपर्यंत फटके मारायचे आणि जन्मगावी हाकलायचं, आणि शिपाई म्हणून सांगत उंडारणाऱ्यांसाठी तर वेगळा, अजून कडक कायदा होता. पेन्शनवाला शिपाई भीक मागताना सापडला तर पेन्शन जाते आणि तो भटक्यांत जमा होतो. त्यात १६६२ मध्येच सेटलमेंटचा कायदा आला, म्हणजे परक्या पॅरिशमध्ये जाऊन राहिलात आणि वर्षाला १० पौंड भाड्याची जागा घेण्याइतकी ऐपत नसेल तर ४० दिवसांच्या आत तक्रार करून तुम्हाला उचलून मूळ गावी पाठवता येतं. मुकाट्याने घरी थांबा.

तिसरी पायरी: कॅप्टनचं सर्टिफिकेट

घोडं इथेच अडतं. तुम्ही खरंच अमुक रेजिमेंटमध्ये होतात आणि खरंच त्या सेवेत जखमी झालात हे तुमच्या कॅप्टनने किंवा वरच्या अधिकाऱ्याने लिहून द्यायला हवं. १६४४ मध्ये हे सोपं होतं. १६६३ मध्ये वीस वर्षं उलटलीत आणि साहेब लोक एक तर मेलेत नाहीतर देशोधडीला लागलेत. लॅन्सडाउनचंच घ्या, राजाकडचा कर्नल बेव्हिल ग्रेनव्हिल त्या टेकडीवरच पडला. सगळ्या फौजेचा सेनापती राल्फ हॉप्टन, तो १६५२ मध्ये परदेशात, ब्रूज शहरात गेला. डेव्हनचं मुख्य शहर एक्सेटर, त्याचा युद्धकाळातला राजाकडचा गव्हर्नर जॉन बर्कली जिवंत आहे पण तो आता लॉर्ड झालाय, त्याच्यापर्यंत मांडीत गोळी असलेला मजूर पोचणार कसा.

म्हणून खालून शोधा. लेफ्टनंट, एन्साइन (निशाण धरणारा कनिष्ठ अधिकारी), सार्जंट, कोणीही, जो आता कुठेतरी छोटा जमीनदार किंवा दुकानदार म्हणून जगतोय. राजेशाही परत आल्यावर हे लोक अचानक उजळ माथ्याने फिरायला लागलेत आणि सही करायला त्यांना आवडतं, कारण सहीबरोबर त्यांचीही निष्ठा कागदावर येते. एकही अधिकारी सापडला नाही तर बरोबरचे शिपाई साक्षीदार म्हणून घेऊन जा, जस्टिस लोक, म्हणजे अर्ज ऐकणारे काउंटीचे न्यायाधीश, शपथेवर त्यांचं ऐकून घेतात. माझ्या मते दोन साधे शेजारी जे म्हणतील की हा आमच्या शेजारी उभा असताना पडला आणि आम्ही त्याला गाडीत घातला, ते एका लांबच्या कर्नलच्या चिठ्ठीपेक्षा जास्त कामाचे.

खोटं सर्टिफिकेट बनवून देणारे त्या काळीही होते. त्या वाटेला जाऊ नका, पकडलं तर पेन्शन राहिली बाजूला, शिक्षा वेगळी.

चौथी पायरी: गावाच्या सह्या, म्हणजे खरा वशिला

ज्यांनी हे अर्ज वाचलेत त्यांना खाली एक सह्यांचा घोळका दिसतो, पाद्री, दोन चर्चवॉर्डन (चर्चचा कारभार बघणारे गावकरी), ओव्हरसिअर, गावातले चार बरे शेतकरी. नवीन वाचकाला वाटतं वा, काय गावाचं प्रेम. प्रेम असेलही थोडं, पण हिशोब बघा. तुम्हाला काउंटीची पेन्शन मिळाली नाही तर तुम्ही उद्या ओव्हरसिअरच्या दारात उभे राहणार, आणि ते पैसे याच सह्या करणाऱ्यांच्या पट्टीतून जाणार. काउंटीचा फंड मात्र सगळ्या डेव्हनमधून गोळा होतो आणि त्यात तुमच्या पॅरिशचा वाटा तुम्हाला पेन्शन मिळो न मिळो तेवढाच राहतो. म्हणजे तुम्हाला तिकडे ढकलण्यात गावाचा सरळ फायदा आहे, आणि हे तुम्ही त्यांना आडून आडून समजावू शकलात तर सह्या पटापट होतात. मला या सगळ्या प्रकरणातला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो, कारण कायदा करणाऱ्याने असं काही लिहिलेलं नाही, लोकांनी आपोआप शोधून काढलं.

सहीच्या आधी मात्र पाद्री तुमच्याकडे नीट बघणार. रविवारी चर्चला येता का, दारू किती, बायकोला मारता का, जुन्या पार्लमेंटवाल्यांशी उठबस आहे का. कायद्याच्या कागदावर यातलं काही नाही. सही देणाऱ्याच्या डोक्यात सगळं आहे.

पाचवी पायरी: अर्ज लिहून घेणे

तुम्हाला लिहिता येत नाही, आलं तरी स्वतः लिहू नका. गावातला शाळामास्तर, पाद्री किंवा बाजाराच्या गावातला लिहिणारा यांना काही पेन्स देऊन लिहून घ्या. त्याचा साचा ठरलेला आहे, मायना, मग नम्रपणे कळवण्यात येते की, मग हकिगत, मग मागणी, मग शेवटी अर्जदार तुमच्यासाठी सदैव प्रार्थना करेल. तुमचा अर्ज साधारण असा होईल, हा मी बनवलाय, कुठल्या खऱ्या कागदाची नक्कल नाही:

"काउंटीच्या सन्माननीय जस्टिस साहेबांच्या सेवेशी, अमुक पॅरिशचा गरीब मजूर अमुक याचा नम्र अर्ज. अर्जदार युद्धाच्या सुरुवातीपासून दिवंगत महाराजांच्या सेवेत कॅप्टन अमुक यांच्या हाताखाली होता, तिथे लॅन्सडाउनच्या लढाईत त्याला मांडीत गोळी लागली व इतरही जखमा झाल्या, तरी त्याने महाराजांची सेवा सोडली नाही. आजवर त्याने हातांच्या कष्टाने बायको व तीन लहान मुलं पोसली, पण आता वय व जुन्या जखमांमुळे काम होत नाही, आणि मदत न मिळाल्यास कुटुंब उपाशी मरेल."

यात तीन गोष्टी दडल्यात. एक, जखम कुठे, कुठल्या लढाईत, कोणाच्या हाताखाली, हे नेमकं. दोन, आजवर कष्ट करून खाल्लं हे वाक्य, कारण वीस वर्षं गप्प का होतास या प्रश्नाचं उत्तर तेच, आणि आळशी नाही हेही त्यातच येतं. तीन, मधली अकरा-बारा वर्षं राजाच नव्हता तेव्हा मागणार कोणाकडे, हे न बोलता सगळ्यांना कळतं. रडगाणं एवढंच ठेवा. राजकारण घालू नका, कोण जिंकायला हवं होतं वगैरे, समोर बसलेल्या साहेबांपैकी एखादा दहा वर्षांपूर्वी दुसऱ्या बाजूला असेल.

जखमेचं सर्जनकडून लिहून मिळालं तर जोडा. पण साहेबांना जखमेपेक्षा एकाच गोष्टीत रस असतो, हा माणूस काम करू शकतो की नाही. गालावर भली मोठी तलवारीची खूण असेल आणि हातपाय चालत असतील तर घरी परत. मांडीतली गोळी वरून दिसत नाही पण उभं राहता येत नाही, तर ते आधी सांगा.

सहावी पायरी: साहेबांसमोर

१६६२ च्या कायद्यात एक सोय चांगली आहे. सरळ मोठ्या कोर्टात जायची गरज नाही, जवळचे दोन जस्टिस ऑफ द पीस गाठा. हे पगारी न्यायाधीश नाहीत, आसपासचे जमीनदार, घरीच भेटतात. ते सर्टिफिकेट तपासतात, तुमची आणि साक्षीदारांची शपथेवर चौकशी करतात, आणि पटलं तर ट्रेझररला, म्हणजे काउंटीच्या फंडाच्या खजिनदाराला, चिठ्ठी देतात की पुढच्या सेशन्सपर्यंत याला काहीतरी द्या.

मग खरा निकाल क्वार्टर सेशन्समध्ये, म्हणजे काउंटीच्या तिमाही कोर्टात. वर्षातून चार वेळा, जानेवारीत एपिफनीचं, मग ईस्टरचं, मग उन्हाळ्यातलं, मग मायकेलमासचं म्हणजे सप्टेंबर संपल्यावरचं. डेव्हनचं एक्सेटरच्या किल्ल्यात भरतं. शक्य असेल तर स्वतः जा, वाकड्या पायाने चालत आलेला माणूस समोर उभा असला की कागदाला वजन येतं. तिथे चोऱ्या, मारामाऱ्या, अनौरस पोरांचे खटले, मोडके पूल, दारूच्या गुत्त्यांचे परवाने असं सगळं एकाच वेळी चालू असतं, तुमचा नंबर कधी लागेल ते क्लार्कलाच माहीत. एक्सेटरमधल्या राहण्याखाण्याचा खर्च आधीच धरून ठेवा. सरकारी काम आणि सहा महिने थांब हे तिकडेही होतंच, फक्त तिकडे ते तीन-तीन महिन्यांच्या हप्त्याने थांबायचं.

ईस्टरचं सेशन साधलं तर बघा, कारण तेव्हाच नवीन ट्रेझरर नेमतात आणि हिशोब समोर येतो, फंडात किती शिल्लक आहे ते साहेबांना तेव्हा तरी नक्की माहीत असतं.

सातवी पायरी: निकालाचा अर्थ लावणे

पेन्शन मंजूर झाली तर उत्तम. नाहीतर एकदाच काही शिलिंग हातावर ठेवून बोळवण करतात. तिसरा प्रकार जरा अंगावर येतो, पेन्शन मंजूर पण सध्या जागा नाही, आधीचा कोणी पेन्शनवाला मेला की त्याची तुम्हाला. म्हणजे दुसऱ्या जायबंदी म्हाताऱ्याच्या मरणाकडे डोळे लावून बसायचं. आणि चौथा, अर्ज तुमच्या पॅरिशकडे परत, ओव्हरसिअरने बघून घ्यावं, की सह्या करणाऱ्यांची तोंडं पडतात.

रक्कम किती? कायद्यात साध्या शिपायाला वर्षाला जास्तीत जास्त १० पौंड, लेफ्टनंटच्या खालच्या अधिकाऱ्याला १५, लेफ्टनंटला २०. कागदावर. प्रत्यक्षात १६६० नंतर एवढे अर्ज आले की साध्या शिपायाला १० पौंड कोणी देत नाही, वर्षाला ४० शिलिंग म्हणजे २ पौंड मिळाले तरी नशीब. मजुराची दिवसाची कमाई साधारण १ शिलिंग धरली तर ती चाळीस दिवसांची मजुरी झाली, आठवड्याला नऊ पेन्सच्या आसपास. त्यात एका माणसाची भाकरी कशीबशी निघते. म्हणून बायको सूत कातणार, मुलं मेंढ्या राखणार, आणि तुम्ही बसून जमेल ते करणार, पेन्शन ही जोड आहे, पोट नाही. अधिकारी असाल तर वेगळं, त्यांच्यासाठी पार्लमेंटने १६६२ मध्ये ६० हजार पौंडांची वेगळी तरतूद केली होती, त्यातलं तुमच्यापर्यंत काही येणार नाही.

आठवी पायरी: पैसे खरंच वसूल करणे

हुकूम निघाला म्हणजे पैसे मिळाले असं नाही. पैसा गावात चर्चवॉर्डन आणि गावचे कॉन्स्टेबल गोळा करतात, ते सेशन्सच्या दहा दिवस आधी हाय कॉन्स्टेबलला, म्हणजे त्यांच्या वरच्या कॉन्स्टेबलला, देतात, तो ट्रेझररला, आणि ट्रेझरर तुम्हाला दर तिमाहीला. या साखळीत कुठलंही गाव थकलं की तुमचा हप्ता थकतो. ट्रेझरर एका वर्षापुरता असतो, जाताना म्हणतो नवीन माणसाला विचारा, नवीन म्हणतो मागची बाकी मागच्याला विचारा. अशी टोलवाटोलवी झाली तर गप्प बसू नका, थकबाकीसाठी परत सेशन्समध्ये अर्ज करा, तसे अर्ज भरपूर आहेत आणि कोर्ट ट्रेझररला झापतंही. हुकुमाची नक्कल क्लार्ककडून घेऊन जपून ठेवा, त्याची फी लागेल.

आणि मंजूर झालेली पेन्शन कायमची नसते. जस्टिसना ती कमी करायचा, बदलायचा, काढायचा अधिकार आहे. फंड आटला की सगळ्या पेन्शनवाल्यांना एकदम बोलावून छाननी होते, तब्येत सुधारलीय का, अजून जिवंत आहे का. बोलावलं की जा. न गेलेल्याचं नाव आधी कटतं.

नाहीच झालं तर

वॉरिकमध्ये लॉर्ड लेस्टरने १५७१ मध्ये म्हाताऱ्या, जखमी शिपायांसाठी काढलेलं हॉस्पिटल आहे, एक मास्टर आणि बारा जण, हॉस्पिटल म्हणजे इथे उपचाराचं नाही, राहण्याचं घर. हेरफर्डला १६१४ पासून कॉनिंग्जबीचं तसंच घर आहे. लंडनला चार्टरहाउस. पण जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आणि वशिला थेट मोठ्या घराण्याचा लागतो, डेव्हनच्या मजुराने यात वेळ घालवू नये असं मला वाटतं. खलाशी असता तर चॅटमची पेटी होती, खलाशांच्याच पगारातून महिन्याला ६ पेन्स कापून भरलेली, तिथे हात किंवा पाय गेल्याचा दर ठरलेला होता, वर्षाला ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स, आणि कोणाच्या इमानदारीची चौकशी नाही. जमिनीवरच्या शिपायाचा हेवा वाटावा असा प्रकार.

चेल्सीचं रॉयल हॉस्पिटल खूप जण मध्ये आणतात, पण त्याचा पाया १६८२ चा आणि पहिले पेन्शनर १६९२ मध्ये आत गेले, तेही मुख्यतः राजाच्या नव्या कायम फौजेतले. एजहिलला लढलेला विल्यम हिसलंड तिथे पोचला खरा, पण त्याच्या थडग्यावरच्या मजकुरानुसार तो ११२ वर्षं जगला, १७३२ पर्यंत, आणि मधल्या काळात पुढच्या लढायाही लढत राहिला. तेवढं आयुष्य धरून प्लॅन करता येत नाही.

बायकोचं शेवटी सांगतो, कारण हे लोक विसरतात. लढाईत मेलेल्याच्या विधवेची १६६२ च्या कायद्यात दखल आहे. तुम्ही वीस वर्षांनी घरी अंथरुणात मेलात तर तुमची पेन्शन तिच्या नावावर आपोआप होत नाही, ती पुढच्या वाट बघणाऱ्या शिपायाकडे जाते. ती अर्ज करू शकते आणि एखादं सेशन दया दाखवून काही शिलिंग देतंही, पण भरवसा धरायचा तो पॅरिशचा. तेव्हा शेवटची जी तिमाही थकलेली असेल ती तुमच्या हयातीतच मागून घ्या, आणि ज्या ओव्हरसिअरने तुमच्या अर्जावर सही केली त्याच्याशी बिघडवून ठेवू नका, तुमच्यानंतर तिला त्याच्याच दारात जायचंय.